तालुक्याच्या वाचनालयात कार्यक्रम कसे चालवावेत

वाचनालयात कार्यक्रम घ्यायचा म्हटलं की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो, "पाहुणे कोण बोलवायचे?" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी आठवडाभर काउंटरवर बसून बघा. आपल्याकडे कोण येतं, किती वाजता येतं, काय विचारतं आणि रोज दारावरून जाऊनही आत कोण येत नाही, याची यादी करा. त्या यादीतून निघालेला कार्यक्रम टिकतो. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमाला हॉल भरेल, फोटोही पेपरात येईल. दुसऱ्या दिवशी देवघेवीची वही मात्र होती तिथेच असते.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. सकाळ-संध्याकाळ देवघेव, वरच्या मजल्यावर अभ्यासिका, मदतीला एक लिपिक आणि एक शिपाई. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणाऱ्या राज्यातल्या बहुतेक वाचनालयांचं चित्र असंच आहे. अनुदान पगार आणि पुस्तकांतच संपतं, म्हणून इथे जे सांगते आहे ते सगळं चहा-खडूच्या खर्चात बसणारं आहे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला तिसरा मी काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवला आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कार्यक्रमानंतर कपाटातलं कोणतं पुस्तक बाहेर पडलं आणि कोण दुसऱ्यांदा आलं, एवढंच मी मोजते.

वार आणि वेळ

वर्षातून एक मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर आठवड्याला एक छोटा करा. त्याच वारी, त्याच वेळी, पाऊस असो की यात्रा. पहिले काही आठवडे चारच माणसं येतील. त्या चौघांसाठीही वेळेवर सुरू करा, कारण पाचवा माणूस त्यांच्याकडून ऐकूनच येणार असतो.

वेळ गावाच्या घड्याळाने ठरवा. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून मुलांसाठी शनिवारी दुपारी चार. शेतकरी आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला येतो, म्हणून त्याच्यासाठी तोच दिवस, सकाळी अकराला. घरातल्या बायकांना मोकळीक मिळते ती दुपारी अडीच ते चार, आणि नेमकं तेव्हा वाचनालय बंद असतं. आठवड्यातून एक दुपार उघडं ठेवण्याचा ठराव मंडळाकडून करून घ्या. आमच्याकडे सगळ्यात मोठा फरक या एका ठरावाने पडला. महिला विभागाचं कपाट होतंच, फक्त त्याच्यापर्यंत पोचायची वेळ त्यांच्या सोयीची नव्हती.

जाहिरातीला फ्लेक्स नको. दाराशी फळा ठेवा आणि रोज सकाळी खडूने एकच ओळ लिहा. रोज बदलणारी ओळ माणसं थांबून वाचतात.

मुलांची शनिवारची गोष्ट

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुढची सगळी वाचकमंडळी इथूनच तयार होतात.

सतरंजी अर्धगोलात अंथरा. खुर्चीवर बसू नका, मुलांबरोबर खाली बसा. पुस्तक आपल्या छातीशी, उघडी पानं मुलांकडे. याचा अर्थ मजकूर तुम्हाला वरून किंवा बाजूने वाचता आला पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून ठेवा. चित्राचं पान आलं की थांबा, काही विचारू नका. मुलंच बोलायला लागतात. "तात्पर्य काय?" हा प्रश्न कधीच विचारू नका. तो ऐकला की मुलांना शाळा परत सुरू झाल्यासारखं वाटतं आणि पुढच्या शनिवारी दोघं-तिघं कमी होतात.

मोठ्या मुलांसाठी लांब गोष्ट घ्या आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटून समोरच्या टेबलावर ठेवून द्या. "पुढं काय झालं?" असा गलका होतो. सांगायचं, "पुस्तक इथंच आहे, ज्याला हवं त्याने घरी न्या." यासाठी एकाच पुस्तकाच्या निदान तीन प्रती हव्यात. खरेदीच्या यादीत दरवर्षी बालविभागाची थोडी शीर्षकं कमी करून प्रती वाढवा.

इथे अनामतीची अडचण येते. पोराला पुस्तक हवं असतं आणि आईवडील पैसे भरायला येत नाहीत. आम्ही मंडळात ठराव करून बालसभासदाची अनामत काढून टाकली आणि त्याऐवजी वर्गशिक्षकांची सही घेतो. पुस्तकं हरवतात का? थोडी हरवतात. कपाटात कोरी राहण्यापेक्षा वाचून हरवलेली बरी, असं मी लेखी द्यायला तयार आहे.

पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. मुक्त परवान्यात असल्याने छापून घेता येतात, एका गोष्टीच्या दहा प्रती काढून मुलांच्या हातात देता येतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंकही ऑनलाइन खुले आहेत. नातवंडांना सोडायला आलेल्या आजोबांना लहानपणचा एखादा अंक उघडून दाखवा, मग तेही सतरंजीवर बसतात.

बाजाराच्या दिवशी सातबारा

"ताई, तेवढा माझा सातबारा निघतो का बघा की," असं विचारत माणसं येत. वाचनालयात संगणक असतो हे त्यांना ठाऊक असतं, पण पुस्तकासाठी यावं असं वाटत नसतं. मग आम्ही बाजाराच्या दिवशी अकरा ते एक हा वेळ मोबाइल शिकवण्यासाठीच ठेवला. लक्षात घ्या, काढून द्यायचं नाही, काढायला शिकवायचं.

एका वेळी एकच विषय. एका आठवड्यात भूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकून सातबारा नुसता पाहणं. ते फुकट आहे, पण ती प्रत सरकारी कामाला चालत नाही. पुढच्या आठवड्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, तो पंधरा रुपयांना मिळतो आणि कामकाजाला चालतो. खरिपाच्या दिवसांत ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करणं. त्यात पिकाचा फोटो शेतातच उभं राहून काढावा लागतो, म्हणून वाचनालयात फक्त ॲप उतरवून नोंदणीपर्यंतचा सराव करा आणि पुढचा भाग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. तो कागद घडी करून खिशात जातो आणि बांधावर उपयोगी पडतो.

तीन नियम कडक पाळा. फोन मालकाच्याच हातात राहील, शिकवणारा बोट दाखवेल पण स्क्रीनला हात लावणार नाही. ओटीपी मोठ्याने उच्चारायचा नाही, आणि तो वाचनालयाच्या कुठल्याही माणसाने टाकायचा नाही. वाचनालयाच्या संगणकावर कुणी लॉगिन केलं तर उठण्याआधी बाहेर पडल्याचं त्यालाच तपासायला लावायचं. माणसांनी आपल्यावर विश्वास टाकलेला असतो, त्यामुळे त्यांना सावध राहायला शिकवणं हे आपलंच काम आहे.

शिकवायला कोण? अभ्यासिकेतली मुलं. दोघं-दोघं पाळीने खाली येतात. आणि त्या टेबलावर ठिबक, ऊस, द्राक्ष, दुग्धव्यवसाय यांवरची पुस्तकं आणि कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक उघडं मांडून ठेवा. आपली पाळी येईपर्यंत माणूस काहीतरी चाळतोच. आमचे शेतकरी सभासद बहुतेक असेच झाले आहेत.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी प्रेरणादायी व्याख्यानं पुष्कळ होतात, ती मी आता सुचवत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे आणि हाताने सलग लिहायची सवय बऱ्याच मुलांना राहिलेली नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ द्या: एक अग्रलेख वाचायचा, त्यावर अडीचशे शब्द लिहायचे, वह्या बदलून एकमेकांचं तपासायचं. खर्च शून्य.

दिवाळी अंक आणि मागची चिठ्ठी

दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि अंकांची योजना बहुतेक वाचनालयं चालवतात. वर्गणी भरायची, अंक पाळीने घरी न्यायचे, दोन-तीन दिवसांत परत करायचे. यात एकच भर घाला. प्रत्येक अंकाच्या मागच्या कव्हरच्या आत एक कोरा कागद चिकटवा. वाचणाऱ्याने नाव न लिहिता एक ओळ लिहायची: काय आवडलं, काय सोडून द्यावं.

आमच्याकडे एका कथेखाली कुणीतरी लिहिलं, "शेवट पटला नाही, बाई अशी निघून जाणार नाही." खाली दुसऱ्या अक्षरात, "जाते. वाचून परत बघा." त्याच्याखाली तिसरं अक्षर. जानेवारीत अंक फिरून झाले की या चिठ्ठ्या काढून एकत्र वाचायच्या आणि सर्वाधिक भांडण झालेल्या दोन कथा चर्चेला घ्यायच्या. अध्यक्ष लागत नाही. माणसं आपापली ओळ ओळखतात आणि बोलायला उठतात.

वही आणि मोडी

आश्विनात हादगा घाला. पुण्याकडे भोंडला, खानदेश-विदर्भात भुलाबाई. वाचनालयाच्या अंगणात फेर धरून झाला की खिरापतीआधी अर्धा तास एक जाड वही उघडा. वयस्कर बायकांनी म्हणायचं, मुलींनी लिहून घ्यायचं. एकाच गाण्याचं कडवं दोन आज्या वेगवेगळं म्हणतात आणि दोघींना आपलंच खरं वाटतं. दोन्ही लिहा, खाली सासर-माहेरच्या गावांची नावं लिहा. ही वही दाखल नोंदवहीत रीतसर नंबर देऊन कपाटात ठेवा. ज्या बाईंना अक्षरओळख नाही, त्यांचं गाणं असलेलं पुस्तक आता वाचनालयात आहे.

मोडी या जुन्या मराठी लिपीचा वर्ग घ्यायचा असेल तर शिकवणारा शोधण्यात वेळ जाईल. निवृत्त शिक्षक, भूमी अभिलेखातले जुने कर्मचारी, इतिहासाचे प्राध्यापक यांच्याकडे विचारा. पहिल्या दिवशी फक्त रेघ: मोडीत ओळीची रेघ आधी ओढतात आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं तिला खाली अडकवतात. शब्दांत अंतर नसतं, विरामचिन्हं नसतात, म्हणून वाचायला वेळ लागतो हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर मुलं निराश होतात. लोक घरातल्या पेटीतले जुने कागद घेऊन येतील. मूळ कागद वर्गात हाताळू नका. मोबाइलवर फोटो काढा, मोठी छापील प्रत करा आणि मूळ कागद त्याच दिवशी मालकाच्या हातात परत द्या. त्या टेबलावर चहा येऊ देऊ नका.

ठरलेले दिवस आणि नोंद

मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीला, जागतिक पुस्तक दिन २३ एप्रिलला, वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला. या दिवसांसाठी वेगळा घाट घालू नका. त्या आठवड्यात जे नेहमीचं चाललं आहे तेच जरा मोठ्या प्रमाणावर करा, फोटो काढा आणि अहवाल पाठवा. पाहुणे बोलवायचे तर आता बोलवा. पण त्यांना भाषणाऐवजी एखादं काम द्या: मुलांना गोष्ट वाचून दाखवणं किंवा आपल्या आवडत्या पुस्तकातली दोन पानं वाचणं. बहुतेक पाहुणे आनंदाने करतात.

एक कार्यक्रम नोंदवही ठेवा. तारीख, विषय, उपस्थिती हे रकाने तपासणीला लागतात. त्यांच्यापुढे आणखी दोन आखा: त्या दिवशी दिलेली पुस्तकं, आणि उत्तर देता न आलेला प्रश्न. या शेवटच्या रकान्यातून पुढच्या महिन्याचे विषय मिळतात. आमच्या वहीत सध्या माहितीच्या अधिकाराचा अर्ज वरचेवर येतो, म्हणून येत्या बाजाराच्या दिवशी तोच घेतला आहे. एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. येताना स्टॅम्प आणि चष्मा दोन्ही आणा, असं फळ्यावर लिहिलं आहे.