वेबसाइट नवी करायच्या आधी: जुन्या पत्त्यांची यादी, आणि मग बाकीचं

वेबसाइट बदलायची वेळ आली का, हे ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर बघून कळत नाही. मोबाइल घ्या, वाय-फाय बंद करा, गुप्त विंडो उघडा आणि नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मेन रोडच्या गर्दीत उभं राहून आपलीच साइट उघडा. गुप्त विंडो अशासाठी, की रोजच्या ब्राउझरने चित्रं आधीच साठवून ठेवलेली असतात आणि मालकाला स्वतःची साइट कायम वेगवान वाटते. पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला ती पहिल्यापासून उतरवून घ्यावी लागते.

मग एकेक तपासा. नंबरवर बोट ठेवल्यावर फोन लागतो का? नंबर चित्रात लिहिलेला असेल तर लागणार नाही. ०२५३ ची लँडलाइन अजून कुणी उचलतं का? वेळा, सुट्टीचा वार, पत्ता हे सांगायलाच नको. ‘कसे याल’ हे पान वाचा. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. मुंबईहून येणाऱ्याला तुम्ही अजून फक्त कसारा घाट सांगत असाल तर ते पान जुनं आहे. दर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीभाड्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पाकीटबंद चिवडा-फरसाणाचाही तसाच. साइटवर अजून ‘१२ टक्के वेगळे’ असेल तर बिलाच्या वेळी वाद ठरलेला.

चौकशीचा फॉर्म स्वतः भरून बघा, आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी जीमेलवरून. बऱ्याच जुन्या फॉर्ममध्ये भरणाऱ्याचाच ईमेल ‘पाठवणारा’ म्हणून लावलेला असतो. तुमचा सर्व्हर जीमेलच्या नावाने पत्र पाठवतोय असं दिसतं, पडताळणीत ते नापास होतं आणि स्पॅममध्ये जातं किंवा येतच नाही. फॉर्मवर मात्र ‘धन्यवाद’ झळकतं. पाठवणारा म्हणून आपल्याच डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, ईमेल ठेवा, उत्तराचा पत्ता भरणाऱ्याचा ठेवा, पत्र एसएमटीपीमधून (ईमेल खात्यात लॉगिन करून पाठवायची पद्धत) जाऊ द्या. काम तासाभराचं आहे.

आतापर्यंत सांगितलेल्या एकाही गोष्टीसाठी नवी वेबसाइट लागत नाही. मजकूर दुरुस्त करा आणि पैसे वाचवा. ‘डिझाइन जुनं झालंय’ एवढंच कारण कुणी देत असेल तर त्याला विचारा, नेमकं काय बिघडलंय? उत्तर आलं नाही तर थांबा.

खरोखर नवी बांधायची वेळ येते ती वेगळ्या कारणांनी. मोबाइलवर दोन बोटांनी मोठं केल्याशिवाय वाचता येत नसेल, तर बांधा. गूगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं. मराठी मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर बांधा. परीक्षा सोपी आहे: पानावरची एक मराठी ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोळा आला तर गूगललाही तोच गोळा दिसतो, आणि ‘येवला पैठणी’ शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणार नाही. हा मजकूर कन्व्हर्टरमधून काढला तरी रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांट्या हाताने तपासाव्या लागतात. शंभर पानं असतील तर त्यासाठी माणूस आणि आठवडा आत्ताच राखून ठेवा. तिसरं कारण सर्व्हरचं. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलीय त्या भाड्याच्या जागेच्या, पॅनेलमध्ये पीएचपीची (बऱ्याच साइट ज्यात लिहिलेल्या असतात ती भाषा) आवृत्ती बघा. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबलं, ८.१ ला डिसेंबर २०२५ मध्ये. आवृत्ती वाढवल्यावर साइट कोसळते म्हणून कुणी वाढवत नसेल, तर ती साइट आज ना उद्या कुणीतरी फोडणार. आणि गूगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून फुकट मिळालेली एक पानाची साइट ज्यांनी पाटीवर छापली होती, त्यांनी आता वाट बघू नये. त्या साइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि तिथून प्रोफाइलकडे वळवणंही १० जून २०२४ ला थांबलं.

वेगाबद्दल घाई करू नका. पेजस्पीड इन्साइट्स या गूगलच्या वेग मोजायच्या साधनात साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचे आकडे बघा: मुख्य चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, पान लोड होताना मजकूर खालीवर उडू नये, त्याचा आकडा ०.१ च्या आत हवा. आकडे लाल असले तरी बहुतेक दोष फोटोंचा असेल असं धरून चाला. कॅमेऱ्यातून आलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. रुंदी १६०० पिक्सेल, वेबपी (हलक्या चित्रांचा) फॉरमॅट, २०० केबीच्या आत. एवढं करून पुन्हा मोजा, मग ठरवा.

ठरलं? मग डिझाइन बघायच्या आधी, कोटेशन मागवायच्या आधी, रंगांवर एक शब्द बोलायच्या आधी, जुन्या पत्त्यांची यादी करा.

पत्ते म्हणजे साइटवरच्या प्रत्येक पानाचा, प्रत्येक पीडीएफचा, बाहेर वापरलेल्या प्रत्येक चित्राचा पूर्ण पत्ता. नवी साइट झाली की पानांची नावं बदलतात. जुनं ‘प्रॉडक्ट’ होतं, नवं ‘उत्पादने’ होतं. साइट चकचकीत दिसते, मालक खूश होतो, आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसतं. दुकान हलवलं आणि जुन्या शटरवर नव्या जागेची पाटी लावली नाही, तसं हे. पहिल्या आठवड्यात काही कळत नाही. पुढे गूगलमधली जुनी पानं गळायला लागतात, फोन कमी होतात, आणि तोवर जुनी साइट पुसलेली असते, पत्ते काय होते ते सांगायला कुणी उरत नाही. म्हणून यादी आधी. साइट जिवंत असताना.

यादी एका ठिकाणाहून होत नाही. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलवर कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गूगलचं साधन) परफॉर्मन्स उघडा, मुदत १६ महिने करा (त्यापलीकडचं तिथे मिळत नाही), पानांचा तक्ता उतरवून घ्या. सोळा महिनेच घ्या, तीन नव्हे; तीन महिन्यांच्या तक्त्यात हंगामी पानं येत नाहीत आणि द्राक्षांचं पान पावसाळ्यात रिकामं दिसतं. सर्च कन्सोल आजवर लावलंच नसेल तर आज लावा, काम महिनाभर पुढे ढकला आणि तेवढी तरी माहिती साठू द्या. मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी असलेली फाइल. मग सर्च कन्सोलमधला लिंक्सचा अहवाल, म्हणजे बाहेरच्या कोणत्या साइट तुमच्या कोणत्या पानाकडे बोट दाखवतात ते. मग गूगलवर आपल्या डोमेनच्या आधी इंग्रजीत ‘site:’ लावून शोधा, म्हणजे विसरलेली पानं वर येतात.

आणि मग कागद. इथेच यादी अपुरी राहते. क्यूआर कोड कुठे कुठे छापलेत? चिवड्याच्या पाकिटावर, वाइनच्या बाटलीच्या लेबलवर, पैठणीच्या खोक्यावर, व्हिजिटिंग कार्डावर, बिलाच्या तळाशी, मशीनवर चिकटवलेल्या प्लेटवर, प्रदर्शनाच्या स्टँडीवर. प्रत्येक कोड फोनने स्कॅन करा आणि उघडलेला पत्ता यादीत घाला. पाकीट महिन्याभरात संपतं. बाटली कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं राहते, मशीनवरची प्लेट त्याहून जास्त. अंबडमधल्या जॉबवर्क करणाऱ्याचा पीडीएफ कॅटलॉग पुण्यातल्या खरेदी विभागाच्या मेलमध्ये पडून असतो. तिथून लिंक दाबली आणि काही उघडलं नाही, तर तो माणूस फोन करून विचारत बसणार नाही. पीडीएफ यादीतून सुटतात कारण साइटमॅपमध्ये त्या बहुतेकदा नसतात. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन अपलोडचा फोल्डर उघडा आणि बघा. इन्स्टाग्रामचा बायो, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग, गूगल प्रोफाइल, हॉटेल बुकिंगच्या साइटवरची माहिती, असोसिएशनच्या सभासद यादीतली नोंद, सगळं त्याच शीटमध्ये.

शीटला दोन रकाने. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. उजवा रकाना एकाही ओळीत रिकामा नको. शक्य असेल तिथे जुनाच पत्ता नव्या साइटवर ठेवा, म्हणजे कामच उरत नाही. बदलावाच लागला तर ३०१ वळवणी, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेणारी सूचना, लावायला सांगा. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. जे कायमचं हललंय ते तसंच सांगा, नाहीतर गूगल जुन्याच पत्त्याला धरून बसू शकतं. सगळे जुने पत्ते एकगठ्ठा होमपेजवर वळवून देतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. गूगल अशा वळवण्याला पान नसल्यासारखंच धरतं, आणि कॅटलॉग मागणारा माणूस होमपेजवर येऊन काय करणार? पैठणीचं पान पैठणीच्या पानावर, पीडीएफ नव्या पीडीएफवर. वस्तू बंद झाली असेल तर तिच्या जवळच्या विभागावर. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर अशी साखळी करू नका, थेट नेऊन सोडा. पत्त्यात प्रश्नचिन्ह असेल, जुन्या वर्डप्रेसमध्ये असतं, तर एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या नियमांच्या फाइलमधला साधा नियम त्याला लागू होत नाही. प्रश्नचिन्हानंतरच्या भागासाठी वेगळी अट लिहावी लागते. हे डेव्हलपरला तोंडी सांगू नका, लिहून द्या. मराठी अक्षरांचे पत्ते कॉपी केल्यावर टक्केवारीच्या चिन्हांची लांब माळ होते. ती तशीच्या तशी शीटमध्ये ठेवा, हाताने ‘नीट’ करू नका. गूगल निदान वर्षभर ही वळवणी ठेवायला सांगतं. छापील क्यूआरसाठी मुदत नाही, ती कायम राहू द्या.

रेडीमेड बिल्डरवर (तयार साच्यात साइट बनवून देणाऱ्या सेवेवर) जात असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: वळवणीची सोय आहे का, यादी एकदम चढवता येते का, आणि पत्त्याचा ठरलेला साचा आहे का. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या बिल्डरमध्ये वस्तूच्या पानांच्या पत्त्याचा साचा ठरलेला आहे, तो बदलत नाही. म्हणजे तिथे जाताना जुने पत्ते तसेच ठेवता येणार नाहीत आणि यादी आणखी गरजेची होते. कोटेशनमध्ये ‘जुन्या पत्त्यांची ३०१ वळवणी, यादीप्रमाणे, तपासून’ ही ओळ लिहून घ्या. ती ओळ नसेल तर सही करू नका.

आता बाकीचं. डोमेन कुणाच्या नावावर आहे? साइट करून देणाऱ्याच्या नावावर असेल तर आधी ते आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या फोन नंबरवर आणा. तोवर दुसरं काही सुरू करू नका. होस्टिंगचं लॉगिन घ्या. डीएनएसच्या, म्हणजे डोमेनची साइट आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढा, विशेषतः ईमेलला लागणाऱ्या एमएक्स आणि टीएक्सटी. नेमसर्व्हर (या नोंदी जिथे राहतात ते सर्व्हर) बदलताना या नोंदी नव्या जागी घातल्या नाहीत तर साइट चालते आणि ऑफिसचा ईमेल बंद पडतो. बॅकअप म्हणजे फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही, स्वतःच्या हार्ड डिस्कवर. मजकूर आणि फोटो साइट करणाऱ्याच्या भरवशावर ठेवू नका, नमुन्याचा मजकूर तसाच राहून जातो. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआय या अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर टाका. मराठी फॉन्ट एकच, दोन जाडींत, ओळींमधलं अंतर दीडपटीहून थोडं जास्त, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात.

वेळ निवडा. द्राक्षबागेत मुक्काम देणाऱ्यांनी जानेवारी ते मार्च हात लावू नये. पैठणीवाल्यांनी दिवाळी आणि लग्नसराई टाळावी. लॉज, टॅक्सी, पूजासाहित्य यांच्यासाठी सिंहस्थ आहे: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७. पत्ते बदलल्यावर गूगलमध्ये घडी बसायला काही आठवडे जातात, तेव्हा २०२७ च्या उन्हाळ्यात हे काम काढू नका.

बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (नोंद किती सेकंद साठवून ठेवायची तो आकडा) ३०० करा. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी बदला. शुक्रवारी संध्याकाळी नको. वर्डप्रेसमध्ये ‘सर्च इंजिनांना परावृत्त करा’ ही खूण काढली का बघा, चाचणीच्या काळात ती लावलेली असते. एसएसएल, म्हणजे पत्त्यातलं सुरक्षेचं https, चालतंय का बघा. फॉर्म पुन्हा भरा. फोनची लिंक, व्हॉट्सअ‍ॅपची लिंक. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये नंबर ९१ पासून सुरू, मध्ये अधिकचिन्ह किंवा शून्य नको. साइटमॅप सर्च कन्सोलमध्ये द्या.

आणि यादी घेऊन बसा. डाव्या रकान्यातला प्रत्येक पत्ता उघडा, प्रत्येक, नमुन्यादाखल पाच नव्हे. दोनशे असतील तर दोनशे. पाकीट, बाटली आणि कार्ड हातात घेऊन कोड स्कॅन करा. मग महिनाभर दर सोमवारी सर्च कन्सोलमध्ये पानांचा अहवाल उघडा, ‘सापडलं नाही’ या गटात जे नवं दिसेल ते त्याच दिवशी शीटमध्ये घाला आणि वळवा. जुनं होस्टिंग तीन महिने बंद करू नका.