टाळ्या पडल्या, पोट्टी मात्र घरीच बसली

नागपुरात कळमन्याच्या मिरची बाजाराजवळच्या वस्तीत मी २२ वर्षांपासून अंगणवाडी सांभाळते. भाषण करणं काही माझं काम नाही. पण ३ जानेवारी आली, सावित्रीबाईंची जयंती आली, की माईक फिरून फिरून माझ्याच हातात येतो. पहिल्या वर्षी असं बोलले की बाया डोळ्याला पदर लावून बसल्या. पोटातली मुलगी आईशी बोलते, असं काहीतरी पाठ केलं होतं. टाळ्या पडल्या, तर्री-पोहा झाला, मंडप उतरला. महिनाभरात पुढच्याच रांगेत रडलेल्या एका बाईनं पोरीला नववीतून काढलं. वर मलाच म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्या दिवशी मस्त बोलल्या होत्या."

तेव्हापासून पोरींच्या शिक्षणावर बोलायची माझी पद्धत बदलली. बचत गटात बोलायचं असो की घरातल्या मामाला समजवायचं असो, तुमच्याही कामी येईल.

आधी काही वाक्यं खोडा. 'मुलगी नसेल तर राखी कोण बांधेल, भाकरी कोण भाजेल, सून कुठून आणाल?' ऐकताना गळा दाटतो. पण राखी भावासाठी, भाकरी नवऱ्यासाठी, सून सासूसाठी. मग पोट्टी कुठं आहे यात? 'हिला परक्याच्या घरी जायचं' असं ज्या बापाच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्याला आपण माईकवरून तेच ऐकवतो. 'लक्ष्मी', 'दुर्गा'सुद्धा मी टाळते. देवीला वह्या लागत नाहीत, ऑटोचे पैसे लागत नाहीत. आणि 'सक्षमीकरण' म्हटलं की बाया मोबाइल काढतात, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग बोलायचं काय? समोरच्यांच्या रोजच्या जगण्यातली एक गोष्ट धरा. आमच्याकडे ती हाताची आग. दिवसभर मिरचीचे देठ खुडले की रात्री तळहात पेटतात, तान्ह्या लेकराला जवळ घेता येत नाही. मी विचारते, "रात्री हात पाण्यात बुडवून कोण कोण बसतं?" सगळे हात वर. मग हळूच, "पोरीचे हात आज कसे आहेत?" आणि गप्प बसते. तीन-चार श्वास. नवीन बोलणाऱ्यांना ही शांतता सहन होत नाही, ते लगेच शायरी टाकतात. नका टाकू. त्या वेळात आई आपल्या पोरीचे हात आठवत असते. तुमच्या वस्तीत मिरची नसेल तर विड्या असतील, धुणीभांडी असतील. एक दिवस त्यांच्याजवळ नुसतं बसा, सापडेल.

जुनी माणसंही अशीच सांगावी. 'थोर समाजसेविका जाईबाई चौधरी' म्हटलं तर कोणी मान वर करत नव्हतं. आता मी सुरुवात ओझ्यापासून करते. नागपूर-कामठीच्या वाटेवर ही बाई लोकांचं सामान डोक्यावर वाहायची. "किती वजन असेल हो एका खेपेला?" पोती उचलणाऱ्या बाया लगेच अंदाज सांगतात, आपसात भांडतातही. वजन ठरलं की मग सांगते, हीच बाई शिकली आणि १९२२ मध्ये तिनं इथंच, नागपुरात, मुलींची शाळा काढली.

१९४२ च्या जुलैत नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद झाली, हजारो बाया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांना काय सांगितलं? लेकरांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी नाही तर मैत्रीण म्हणून उभ्या राहा. घरी जाऊन करता येईल असंच. आपलं बोलणंही तिथवर पोचलं पाहिजे. शेवटी एकच काम सांगा, आणि तारीख सांगा.

खऱ्या पोरीची कहाणी तिला विचारल्याशिवाय सांगू नका. मी एकदा नाव न घेता सांगितली होती. दीडशे घरांच्या वस्तीत नाव घ्यायची गरजच पडत नाही. ती पोरगी पुढं वर्षभर अंगणवाडीचा रस्ता टाळून जायची. माफी मागितली, पण झालं ते झालं.

बापाला चारचौघांत लाजवू नका. तिथं तो इज्जत सांभाळतो, पोरीचं काही ऐकत नाही. चहाच्या टपरीवर एकटा गाठा आणि साधं विचारा, "काहून थांबवली, भाऊ?" बहुतेक वेळा कारण भलतंच निघतं. आठवीनंतरची शाळा लांब, परतताना अंधार, नाक्यावर पोट्टे उभे. इथं भावनेचं काही काम नाही. त्याच रस्त्यानं जाणाऱ्या आणखी तीन पोरी शोधून द्या.

त्या पहिल्या वर्षीच्या बाईकडे मी नंतर पुन्हा गेले. पोरगी घरीच, आईसोबत देठ खुडत होती. बाई हात बादलीत बुडवून बसली होती. मी तिला १७ नंबरच्या फॉर्मचं सांगितलं, शाळेत न जाता दहावीला बसता येतं म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही. मग तिनं हात पदराला पुसत विचारलं, "फोटो किती लागतात?"