ज्या फायलींबद्दल विचारलंच जात नाही: डेबियन १२ वरून १३ वर जाण्याआधी

डेबियन १३, म्हणजे डेबियन या लिनक्स प्रणालीची ‘ट्रिक्सी’ नावाची आवृत्ती, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तरी १२ वरचे कितीतरी सर्व्हर अजून आहेत तिथेच आहेत. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: चाललंय ना सुरळीत, मग हात कशाला लावा? धास्ती नव्या कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) नसते. गेल्या दोन-तीन वर्षांत आपण ‘/ईटीसी’ या सेटिंगांच्या फोल्डरमध्ये जे काही करून ठेवलंय, त्यातलं निम्मं आता आठवत नाही, याची असते. ही यादी त्या न आठवणाऱ्या निम्म्यासाठी आहे. ती अपग्रेडच्या रात्री उघडू नका, आठवडाभर आधी घेऊन बसा.

सुरुवातीला डीपीकेजी, म्हणजे पॅकेजं बसवणारं डेबियनचं अवजार, निर्णय कसा घेतं ते बघून घ्या, पुढची सगळी तयारी त्यावर बेतलेली आहे. पॅकेज बनवणाऱ्याने जी फाइल ‘कॉन्फफाइल’ (सेटिंगांची फाइल) म्हणून जाहीर केलेली असते, तिचा एमडी५ चेकसम (मजकुराचा ठसा) डीपीकेजी आपल्या ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ या वहीत टिपून ठेवतं. नवं पॅकेज आलं की तीन गोष्टी ताडून बघतं: मागच्या वेळी पॅकेजने काय दिलं होतं, आज डिस्कवर काय आहे, आणि आता नवीन काय आलंय. तुम्ही हात लावलेला नसेल तर नवी फाइल गुपचूप बसते. तुम्ही बदल केलाय पण पॅकेजवाल्यांनी काहीच बदललेलं नाही, तर तुमची गुपचूप राहते. तुम्ही फाइल पुसून टाकली असेल तर तोही तुमचाच बदल समजला जातो, ती न विचारता परत आणली जात नाही. दोन्हीकडून बदल झालेला असेल तेव्हाच अपग्रेड मध्येच थांबतं आणि तो प्रसिद्ध प्रश्न विचारतं: तुमची फाइल ठेवू की नवी बसवू?

म्हणजे प्रश्न आला की घाबरायचं कारण नाही. उत्तर चुकलं तरी दुसरी प्रत शेजारीच ठेवलेली असते. घात होतो तो प्रश्न येतच नाही तिथे.

तेव्हा पहिलं काम, आपण काय काय बदललंय ते यंत्राकडूनच वदवून घेणं. ‘डेबसम्स’ हे छोटं पॅकेज टाका आणि ‘डेबसम्स -सीई’ चालवा. बदललेल्या कॉन्फफाइलींची यादी समोर येते. ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ त्याहून लांबवर बघतं आणि ‘/ईटीसी’च्या बाहेर कुठे हात मारला असेल तर तेही दाखवतं. या दुसऱ्या यादीत ‘सी’ हे अक्षर नसलेली एखादी ओळ दिसली तर तिथे थांबा. ती कॉन्फफाइल नाही, साधी फाइल आहे, आणि अपग्रेडमध्ये ती काही न विचारता पुसली जाणार आहे.

बहुतेकदा ती सिस्टीमडीची (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) युनिट फाइल असते. कधीतरी घाईत कुणीतरी ‘/यूएसआर/लिब/सिस्टीमडी/सिस्टीम’मध्ये जाऊन थेट ‘एक्झेकस्टार्ट’ (सर्व्हिस सुरू करणारी कमांड) बदलून ठेवलेलं असतं. ‘कुणीतरी’ म्हणजे बहुधा आपणच. अपग्रेडआधी तो बदल ‘सिस्टीमसीटीएल एडिट’ने ‘/ईटीसी/सिस्टीमडी/सिस्टीम’मधल्या ओव्हरराइडमध्ये (मूळ फाइलीवर लागू होणाऱ्या छोट्या फाइलीत) हलवा. ‘एक्झेकस्टार्ट’ बदलायचं असेल तर आधी रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ ओळ आणि तिच्याखाली आपली, नाहीतर साध्या सर्व्हिसला दोन कमांड मिळतात आणि ती सुरूच व्हायला नकार देते. अख्खी युनिट फाइल ‘/ईटीसी’त कॉपी करून ठेवायची जुनी खोड असेल तर ती मोडा. तशी प्रत मूळ फाइलला कायमची झाकून टाकते आणि पॅकेजकडून आलेली दुरुस्ती आपल्यापर्यंत पोचतच नाही. कुठे काय झाकलं गेलंय ते ‘सिस्टीमडी-डेल्टा’ दाखवतं.

डेबसम्सच्या यादीवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. काही फायली डीपीकेजीच्या वहीत नसतातच, त्या यूसीएफ नावाचं वेगळं अवजार सांभाळतं. ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ (दुरून लॉगिन करण्याची, म्हणजे एसएसएचची), ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ (बूट होण्याची), ‘पीएचपी.आयएनआय’ (वेबसाइट चालवणाऱ्या पीएचपीची) या सगळ्या त्यातल्या, म्हणजे नेमक्या आपण सगळ्यात आधी उघडतो त्याच. यांची मूळ प्रत वेगळीकडे असते (एसएसएचची ‘/यूएसआर/शेअर/ओपनएसएसएच’मध्ये, पीएचपीची ‘/यूएसआर/लिब/पीएचपी’खाली), तिच्याशी स्वतः डिफ करून (ओळीओळींतला फरक काढून) बघावं लागतं. काही प्रोग्रॅम आपली हकिगत आपणच सांगतात. मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्सचं ‘पोस्टकॉन्फ -एन’ तुम्ही फाइलीत लिहिलेल्या तेवढ्याच ओळी छापतं, मेलबॉक्स सांभाळणाऱ्या डव्हकॉटचं ‘डव्हकॉन्फ -एन’ डिफॉल्टपेक्षा वेगळ्या तेवढ्याच. ‘एसएसएचडी -टी’, मोठ्या टीने, प्रत्यक्षात लागू असलेलं सगळं दाखवतं. या सगळ्यांचं आउटपुट एका फोल्डरमध्ये साठवा. अपग्रेडनंतर पुन्हा घ्या आणि डिफ करा. या यादीतली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

आता न विचारता बदलणाऱ्यांचा दुसरा प्रकार: ज्यांच्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. डेबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आहे, १३ मध्ये ८.४. ‘/ईटीसी/पीएचपी/८.२’मधलं तुमचं सगळं जसंच्या तसं राहतं, कुणी त्याला बोटही लावत नाही, आणि ‘/ईटीसी/पीएचपी/८.४’ कोरं करकरीत तयार होतं. डीपीकेजीच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काहीच घडलेलं नसतं. एका ग्रंथालयाच्या सर्व्हरवर मी हेच करून बसलो होतो. साइट उघडत होती, लॉगिन होत होतं, मी समाधानाने झोपलो. तीन दिवसांनी निरोप आला की स्कॅन केलेल्या पीडीएफ चढत नाहीत. अपलोडची मर्यादा मी कधीकाळी ६४ एमबी करून ठेवली होती, ती नव्या फोल्डरात परत डिफॉल्टच्या २ एमबीवर आली होती. तेव्हापासून ‘पीएचपी.आयएनआय’ला मी हात लावत नाही. आपल्या चार ओळी ‘कॉन्फ.डी’मध्ये ‘९९-लोकल.आयएनआय’ अशा फाइलीत ठेवतो, एफपीएमसाठी (वेबवर चालणारं पीएचपी) एक, सीएलआयसाठी (टर्मिनलमधलं) एक. आवृत्ती बदलली की ती छोटी फाइल उचलून नव्या घरात ठेवली की झालं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘पीएचपी८.२-एफपीएम.सॉक’ असं सॉकेटचं (पीएचपीशी बोलायच्या दाराचं) नाव लिहिलेलं असेल तर तेही यादीत घ्या. ते बदलायचं राहिलं, तर जुनं एफपीएम बंद होताच साइटवर ५०२ ही एरर ठरलेली.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचंही तसंच, १५ वरून १७. जुना क्लस्टर (डेटाबेसांचा संच) चालू राहतो, नवा रिकामा शेजारी उभा राहतो, आणि डेटा व कॉन्फिग दोन्ही ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ने नेईपर्यंत जागचं हलत नाही. इथे निदान नुकसान होत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यात मुका. फाइल तिथेच असते, तुमचीच असते, फक्त ती आता कुणी वाचत नसतं. डेबियन १३ मध्ये कर्नलची सेटिंगं लावणारं सिस्टीमडी-सिसकंट्रोल ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’ वाचत नाही. आयपी फॉरवर्डिंगची ओळ त्यात असेल तर रीबूटनंतर तुमचा व्हीपीएन सर्व्हर जोडणी घेईल, पण पॅकेट पुढे जाणार नाहीत, आणि तुम्ही तासभर फायरवॉलला शिव्या घालाल. त्या ओळी आत्ताच, १२ वर असतानाच, ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.डी/९९-लोकल.कॉन्फ’मध्ये हलवा. १२ वरही ती जागा चालते, म्हणून थांबायचं कारणच नाही.

आणि मग डव्हकॉट. इथे ‘आपली जुनीच फाइल ठेवा’ हा सुरक्षित वाटणारा सल्लाच नडतो. १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि त्याला २.३ च्या कॉन्फिगची रचना चालत नाही. फाइलीच्या वरती ‘डव्हकॉट_कॉन्फिग_व्हर्जन’ ही ओळ लागते, बऱ्याच सेटिंगांची नावंही बदललीत. मेल सर्व्हर असेल तर नवी कॉन्फिग आधीच वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर लिहून, चालवून, हाताशी ठेवा. रात्री दोन वाजता ती लिहायची नसते.

आपले बदल छोट्या वेगळ्या फायलींत काढून ठेवायचं हे तंत्र आता जवळजवळ सगळीकडे चालतं, पण प्रत्येक घरचा रिवाज निराळा. सिस्टीमडी आणि सिसकंट्रोलमध्ये नावाच्या क्रमाने शेवटी येणारी फाइल जिंकते, म्हणून तिथे ९९. एसएसएचडीमध्ये उलट, जी किंमत आधी दिसली तीच धरली जाते. डेबियनच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग’मध्ये ‘इन्क्लूड’ची ओळ वरतीच आहे. क्लाउडवरच्या मशीनवर ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’मध्ये पासवर्ड लॉगिन चालू ठेवलेलं असेल, आणि तुम्ही ते ‘९९’मध्ये बंद करून निश्चिंत झालात, तर दार उघडंच आहे. तिथे १० घाला. ‘सुडोअर्स.डी’मध्ये नावात टिंब असलेली फाइल सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारं अवजार) वाचतच नाही, म्हणजे हौसेने ‘.कॉन्फ’ लावाल तर फसाल. एनजिनएक्सच्या ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये नेमकं याच्या विरुद्ध: तिथे जे असेल ते सगळं वाचलं जातं, तुमची ‘डिफॉल्ट.बॅक’सुद्धा. बॅकअपच्या प्रती तिथून आजच बाहेर काढा.

बॅकअपबद्दल फार बोलत नाही, थोडंच. ‘/ईटीसी’, ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’, ‘/व्हार/लिब/एपीटी/एक्स्टेंडेड_स्टेट्स’ आणि ‘डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स’चं आउटपुट, एवढं घ्यायला डेबियनच्या रिलीज नोट्सच सांगतात. त्यात ‘/व्हार/स्पूल/क्रॉन’ आणि ‘/यूएसआर/लोकल’ आपल्याकडून जोडा. रूट (प्रशासक) म्हणून ‘टार’ने सगळं एका फाइलीत बांधा, म्हणजे मालकी आणि परवानग्या टिकतात. सिमलिंक सपाट होतील अशी कॉपी करू नका. ‘/ईटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/लाइव्ह’मध्ये खऱ्या फायली नसून ‘आर्काइव्ह’कडे बोट दाखवणाऱ्या लिंका असतात, त्या मोडल्या तर सर्टिफिकेटचं नूतनीकरण पुढे अडतं. टार त्याच डिस्कवर ठेवून झोपू नका, हे सांगायला नको.

डेटाबेसचा डंप वेगळा घ्यायचा, तो या लेखाचा विषय नाही.

याच्या जोडीला ‘ईटीसीकीपर’ टाका. जोई हेस यांनी लिहिलेलं हे अवजार अख्खं ‘/ईटीसी’ गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या अवजारात) ठेवतं, परवानग्याही टिपतं आणि एपीटी चालायच्या आधी व नंतर आपणहून कमिट करतं. अपग्रेडने काय बदललं ते दुसऱ्या दिवशी एका डिफमध्ये दिसतं. फक्त त्यात ‘शॅडो’ ही पासवर्डांची फाइल आणि खाजगी किल्ल्याही असतात, तेव्हा ते रिपॉझिटरी कुठल्याही सार्वजनिक जागी ढकलू नका.

प्रत्यक्ष दिवशी टीमक्स उघडा (म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू राहतं), त्यात ‘स्क्रिप्ट’ चालू करा म्हणजे पडद्यावरचं सगळं फाइलीत उतरेल, आणि दुसऱ्या खिडकीत एक एसएसएच जोडणी तशीच उघडी ठेवा. आधी ‘एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस’, मग ‘फुल-अपग्रेड’. प्रश्न आला की ‘डी’ दाबून फरक वाचा. नुसतं एंटर म्हणजे ‘एन’, तुमची फाइल राहते आणि नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने शेजारी पडते. ‘वाय’ म्हटलंत तर तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ होते. ‘झेड’ने शेल मिळतं, पण तिथे रमू नका. माझा रिवाज असा: ज्या फाइलीतले बदल मी आधीच बाजूला काढलेत तिला ‘वाय’, बाकी सगळ्यांना ‘एन’.

दहा-वीस मशिनं असतील तर प्रश्न न विचारता उत्तर ठरवणारी ‘--फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘--फोर्स-कॉन्फओल्ड’ ही जोडी वापरतात. ‘नॉनइंटरॅक्टिव्ह’ फ्रंटएंड लावला की झालं असं समजू नका. तो फक्त डेबकॉन्फला, म्हणजे पॅकेजांच्या स्वतःच्या सेटअप-प्रश्नांना, गप्प करतो. डीपीकेजीचा प्रश्न येतोच, आणि उत्तर द्यायला कुणी नसेल तर अपग्रेड अर्ध्यात कोसळतं. आपोआप अपडेट बसवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स या बाबतीत शहाणं आहे: ज्या पॅकेजला प्रश्न विचारावा लागेल ते बाजूला ठेवतं. महिनोन्‌महिने अडकून राहिलेलं एखादं सुरक्षा अपडेट दिसलं तर कारण बहुधा हेच.

(फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या घरी हा प्रश्न मध्येच येत नाही, तिथे ‘.आरपीएमन्यू’ किंवा ‘.आरपीएमसेव्ह’ मागे राहतात आणि ‘आरपीएमकॉन्फ -ए’ त्या निस्तरतं. आर्चवर ‘.पॅकन्यू’ आणि ‘पॅकडिफ’. सोय खरी, पण आळशी माणसाकडे वर्षानुवर्षांच्या ‘.पॅकन्यू’ साठलेल्या असतात.)

संपल्यावर लगेच रीबूट करू नका. ‘/ईटीसी’मध्ये ‘.डीपीकेजी-’ आणि ‘.यूसीएफ-’ अशा शेपट्यांच्या फायली ‘फाइंड’ने शोधा. प्रत्येक डिफ बघा, हवं ते आपल्या फाइलीत घ्या, शेपटी पुसा. मग ‘एसएसएचडी -टी’, या वेळी छोट्या टीने, ‘एनजिनएक्स -टी’, ‘व्हीसुडो -सी’. नव्या खिडकीतून एसएसएच होतंय याची खात्री करा, जुनी बंद न करता. त्यानंतरच रीबूट, आणि तोही तुम्ही जागे असताना. यंत्र परत उठल्यावर ‘सिस्टीमसीटीएल --फेल्ड’ बघा आणि साठवलेली ती आउटपुटं पुन्हा घेऊन ताडा.

जुन्या पॅकेजांचे अवशेष झाडायची घाई नको. ‘रिमूव्ह’ कॉन्फिग मागे ठेवतं, ‘पर्ज’ ती घेऊन जातं, आणि काही पॅकेजं पर्ज होताना आपलं अख्खं फोल्डर नेतात, त्यात तुम्ही स्वतः लिहिलेल्या फायलींसकट. पीएचपी ८.२ चं पर्ज मी त्या पीडीएफ चढायला लागल्यानंतर पंधरा दिवसांनी केलं.