गावाने समुद्राचा एक तुकडा काही काळ बंद कसा ठेवावा : मादागास्करच्या किनाऱ्यावरची पद्धत

मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावरील अंदावादुआका या वेझो मच्छीमारांच्या गावाने २००४ साली नोसी फासी या वाळूच्या बेटाभोवतीच्या प्रवाळखडकावर सात महिने ऑक्टोपस पकडायचा नाही, असे ठरवले. बाकीचा समुद्र खुलाच होता. हे पाहून शेजारची गावे पुढे आली आणि २००६ पासून त्यांनी मिळून वेलोंद्रियाके, म्हणजे ‘समुद्रासोबत जगणे’, या नावाने आपला किनारा सांभाळायला घेतला. किनाऱ्यावरच्या लोकांबरोबर काम करू इच्छिणाऱ्यांना ही पद्धत समजावी, म्हणून ती येथे क्रमाने मांडली आहे.

सर्वांत आधी जीव नीट निवडावा, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून असते. तिथल्या ऑक्टोपसचे आयुष्य जेमतेम दीड वर्षाचे असते. तो फार झपाट्याने वाढतो आणि मादी अंडी राखत बसली की खाणे सोडते व पिल्ले बाहेर पडताच मरते. म्हणूनच दोन-तीन महिने हात आवरला तरी वजनातला फरक तराजूवर दिसतो. अनेक वर्षे जगणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या माशांसाठी ही तात्पुरती बंदी पुरत नाही; त्यांच्यासाठी कायमची राखीव जागाच लागते. हा भेद सभेत पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा, नाहीतर लोक भलत्या अपेक्षेने थांबतात आणि निराश होतात.

जागा ठरवताना त्या खडकावर रोज कोण जाते, हे आधी पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीला खडक उघडा पडतो, तेव्हा वेझो बायका हातात टोकदार काठी घेऊन पायीच निघतात. कपारीच्या तोंडाशी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा लहानसा ढीग दिसला की ऑक्टोपस आत आहे असे त्या ओळखतात आणि काठी आत सारून त्याला बाहेर काढतात. दूरच्या खडकांवर जायला मात्र उलांडीची (तोल राखायला बाजूला लाकूड बांधलेली) होडी लागते आणि ती प्रत्येक घरी नसते. पायी पोहोचता येणारा एकमेव खडक बंद केला, तर बंदीचा भार बायकांवर आणि म्हाताऱ्या माणसांवर पडतो. त्यामुळे जागेचा निर्णय बायका सभेत बसल्याखेरीज घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गावाच्या एकूण ऑक्टोपस-क्षेत्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग एका वेळी बंद करू नये. उरलेल्या खडकांवर रोजची चूल चालली पाहिजे.

नियम गावाचाच असावा. मादागास्करमध्ये अशा गावकीच्या कायद्याला ‘दिना’ म्हणतात. तो सभेत ठरतो आणि न्यायालयाची मान्यता घेता येते. हद्दीच्या खुणा, दंड किती व तो कोणी वसूल करायचा, राखण कोणाकडे, हे सारे त्यात आधीच नमूद करावे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळातली मासेमारीबंदी सरकार ठरवते; मादागास्करच्या या पद्धतीत मात्र जागा आणि तारीख दोन्ही गाव ठरवते. आपल्याकडच्या हिवरे बाजार गावाच्या चराईबंदीशी या पद्धतीचे नाते अधिक जवळचे आहे. केनियातील इसिओलोच्या बोराना पशुपालकांची ‘देधा’ व्यवस्थाही याच जातीची आहे : पावसाळ्याची, उन्हाळ्याची आणि दुष्काळासाठी राखलेली कुरणे वेगळी ठेवायची, आणि ती केव्हा उघडायची हे वडीलधाऱ्यांनी ठरवायचे.

सर्वाधिक काळजी उघडण्याच्या दिवसाची घ्यावी. अंदावादुआकात पहिली बंदी उठली तेव्हा आजूबाजूच्या गावांतूनही माणसे लोटली आणि वाढीचा बराचसा लाभ पहिल्या काही दिवसांतच संपून गेला. म्हणून शेजारच्या गावांना आधीच बोलणीत घ्यावे आणि शक्य असल्यास त्यांचेही खडक त्याच वेळी बंद ठेवून एकाच दिवशी उघडावेत, म्हणजे गर्दी विभागली जाते. तारीख उधाणाच्या दिवसांतली घ्यावी. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या, दिवसांत खडक पुरेसा उघडा पडत नाही. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याशी भाव, बर्फ आणि वाहतूक यांविषयी आधीच बोलून ठेवावे, कारण एका दिवसात आलेला ढीगभर माल उन्हात पडून राहिला तर महिन्यांची वाट पाहणे वाया जाते. ३५० ग्रॅमपेक्षा लहान ऑक्टोपस घेऊ नये.

लाभाविषयी बोलताना आकडे जसेच्या तसे सांगावेत. २००४ ते २०११ या काळातल्या ३६ बंदींचा अभ्यास झाला, तेव्हा उघडल्यानंतरच्या महिन्यात त्या जागांवरची पकड ७०० टक्क्यांहून अधिक वाढलेली आढळली आणि बंदीच्या काळात गावाच्या उत्पन्नात लक्षणीय घट दिसली नाही. तरीही निव्वळ फायदा ३६ पैकी २७ वेळाच झाला. उरलेल्या नऊ वेळांची गोष्टही सभेत सांगावी.

असे आकडे आपल्याही हाती असावेत, यासाठी वही ठेवावी. किनाऱ्यावर तराजूशी एक माणूस बसवून कोणी, कोणत्या खडकावरून, किती नग आणि किती वजन आणले, हे बंदीच्या आधी, उघडण्याच्या दिवशी आणि पुढचा महिनाभर लिहावे. महिना संपल्यावर ती वही सर्वांसमोर मोठ्याने वाचावी आणि त्याच बैठकीत पुढच्या बंदीची जागा व तारीख ठरवावी.