कॅज्युअल्टीत पिऊन धिंगाणा घालणारा पेशंट आलाय? या चुका टाळा

नाईटला पोलीस नाहीतर चार मित्र मिळून एकाला उचलून आणतात, तो शिव्या घालतोय, सलाइन उपटतोय, वास तर दारातूनच येतोय आणि आपण केसपेपरवर 'दारूच्या नशेत' लिहून मोकळे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्यायलेला माणूस पडतोसुद्धा, डोक्यात रक्तस्राव झाला तरी असाच बडबडतो आणि शुगर 40 वर आली तरी असाच अंगावर येतो. म्हणून धरलाच आहे तर आधी बोटाला टोचून शुगर बघा, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) बघा, डोळ्यांच्या बाहुल्या बघा, केसांत बोटं घालून खोक शोधा. शुगर कमी निघाली तर ग्लुकोज लगेच, थायमिन (व्हिटॅमिन बी1) सोबतच, पण थायमिन आणायला वॉर्डबॉय मामा गेलेत म्हणून ग्लुकोज अडवून धरू नका. अंधुक दिसतंय म्हणाला तर मिथेनॉलचा (विषारी दारूतलं, डोळे घालवणारं अल्कोहोल) विचार करा, 2015 ला मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरच्या वर माणसं गेलीत.

पाच जणांनी एकदम ओरडायचं नाही. एकानेच बोला, हळू, "दादा, कुठं लागलंय का?" असं. बघे बाहेर काढा, मोबाइलवर शूटिंग करणारा मित्र सगळ्यात आधी.

आता इंजेक्शन. सवयीने मिडाझोलम (झोपेचं इंजेक्शन) भरू नका, दारूवर ते चढलं की श्वास मंदावतो. नशेत असलेल्याला हॅलोपेरिडॉल (शांत करणारं अँटिसायकोटिक) बरं पडतं, ईसीजी काढता आला तर क्यूटी (ईसीजीवरचं अंतर, या औषधाने ते लांबू शकतं) बघून घ्या. पण शेवटची कधी घेतली हे नातेवाइकांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नका, कारण रोज पिणाऱ्याची दोन-तीन दिवसांपासून बंद असेल, हात थरथरतायत, घाम, नाडी 120, भिंतीवर किडे दिसतायत, तर ही नशा नाहीच, विथड्रॉवल (दारू अचानक तुटल्याचा त्रास) आहे, तिथं मिडाझोलमच्याच गटातलं लोराझेपाम-डायझेपामच लागतं आणि नुसतं हॅलोपेरिडॉल दिलं तर फिट यायचा धोका वाढतो. नेमकं उलटं केलेलं बऱ्याचदा दिसतं.

बांधावंच लागलं तर पालथं कधीच नाही, छातीवर गुडघा ठेवून तर अजिबात नाही. उताणं ठेवा, डोक्याकडची बाजू वर, उलटी आली तर पटकन कुशीवर वळवता यायला हवं.

आणि झोपला की सगळे चहाला जातात! सॅच्युरेशनचा प्रोब लावूनच ठेवा, दर थोड्या वेळाने हलवून उठवा. रक्तातली दारू तासाला साधारण डेसिलिटरमागे 15-20 मिलिग्रॅमने उतरते, म्हणजे तासागणिक माणूस सुधारायला हवा. तो जास्तच सुस्त होत चालला तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका, डोक्याच्या सीटी स्कॅनला पाठवा.