जागा मोकळी, तरी ‘अनयुजेबल’

दिरांचा जुना लॅपटॉप, विंडोज ७ वरून १० वर आणलेला. त्यात विंडोजच्या जोडीला उबुंटू (लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं होतं. डिस्क ५०० जीबीची (विंडोज दाखवतं ४६५, कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं). सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) करून ६० जीबी मोकळे केले, उबुंटूचा पेनड्राइव्ह लावला, तर इन्स्टॉलर त्या जागेपुढे ‘अनयुजेबल’ (वापरता न येणारी) लिहून मोकळा. मी पेनड्राइव्हला शिव्या घातल्या, नवा केला. पुन्हा तेच.

दोष पेनड्राइव्हचा नव्हताच. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे पार्टिशन स्टाइल, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पद्धत, ‘एमबीआर’ ही जुनी निघाली. या पद्धतीत प्रायमरी पार्टिशनं चारच मावतात. सिस्टिम, सी, डी, रिकव्हरी: झाली की चार! तुमच्याकडे जीपीटी ही नवी पद्धत असेल तर दुखणं वेगळं, कारण विंडोज तिथे १२८ पर्यंत घेतं.

इथे एक खड्डा आहे. मोकळ्या जागेत विंडोजमधूनच नवीन व्हॉल्यूम करायला गेलात, तर ते डिस्क ‘डायनॅमिक’ (विंडोजची वेगळी रचना) करू का विचारतं. ‘नो’ दाबा. ‘यस’ म्हटलं की उबुंटूचा इन्स्टॉलर अडतो, आणि विंडोजमधून परत ‘बेसिक’ (साधी) करायचं तर सगळी व्हॉल्यूम्स पुसावी लागतात.

चारांतलं एक पार्टिशन काढून तिथे ‘एक्स्टेंडेड’ (ज्याच्या आत आणखी ‘लॉजिकल’ पार्टिशनं मावतात) करायचं, म्हणून मी डी ड्राइव्हचा बळी दिला. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं आणि तिथून लग्नाचे चार-पाच फोटो उघडून पाहिले. नुसती कॉपी झाली म्हणून मी विश्वास ठेवत नाही. मग फास्ट स्टार्टअप (विंडोजला पूर्ण बंद न होऊ देणारी सोय) बंद केलं, डी डिलीट केला. आमचं रिकव्हरी डिस्कच्या शेवटी होतं म्हणून बरं. सी आणि डीच्या मध्ये असतं, तर दोन मोकळे तुकडे जुळलेच नसते, आणि एक्स्टेंडेड पार्टिशनला सलग जागा लागते.

बूट मेनूत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ (सुरू होण्याची नवी पद्धत) न लिहिलेला निवडा. एमबीआरवरचं विंडोज जुन्या पद्धतीनंच सुरू होतं. ‘ट्राय उबुंटू’मध्ये जीपार्टेड (पार्टिशनं करायचं साधन) उघडून सगळ्या मोकळ्या जागेचं एक एक्स्टेंडेड करा. त्याच्या आत दोन लॉजिकल: डेटासाठी एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट), उबुंटूसाठी ६० जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट). हिरवी खूण दाबेपर्यंत काहीच घडत नाही, तेव्हा चहा पिऊन एकदा परत तपासा.

इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ (नव्या उबुंटूत ‘मॅन्युअल इन्स्टॉलेशन’) घ्या, ईएक्सटी४ वाल्याला माउंट पॉइंट (ते कुठे जोडायचं) म्हणून नुसता स्लॅश (/) द्या. लॉजिकलचे नंबर पाचपासून सुरू होतात, दचकू नका. बूटलोडर (लॅपटॉप चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) मात्र अख्ख्या डिस्कवर, म्हणजे नुसत्या ‘एसडीए’वर (उबुंटूत डिस्कचं नाव); ‘एसडीए५’वर नाही.