युद्धात बुडालेल्या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाचा आणि त्यावरच्या माणसांचा शोध कसा घ्यायचा

बरेच जण हा शोध पाणबुडीपासून सुरू करतात. कुठल्या यूबोटनं (जर्मन पाणबुडीनं) टॉर्पेडो मारला, तिचा कॅप्टन कोण, त्यानं अजून किती जहाजं बुडवली वगैरे. ते पटकन सापडतं आणि वाचायला पण थरारक असतं, पण मेलेली माणसं त्यात कुठेच भेटत नाहीत. म्हणून उलटं करा, आधी जहाज पक्कं करा, मग माणसं, आणि बुडवलं कोणी ते सगळ्यात शेवटी. उदाहरण म्हणून टिरान्ना हे जहाज घेतो कारण या कामात जेवढे घोळ होऊ शकतात तेवढे सगळे या एका जहाजात आहेत.

आधी थोडं बॅकग्राउंड. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीनं नॉर्वेवर हल्ला केला तेव्हा त्यांची हजारभर व्यापारी जहाजं जगभरच्या समुद्रांत फिरत होती. सरकारनं ती एकत्र करून नोर्ट्राशिप नावाची संस्था काढली, ऑफिसं लंडन आणि न्यूयॉर्कला. त्यामुळे कागदपत्रं पण अशीच विखुरलेली, काही नॉर्वेत, काही ब्रिटनमध्ये, काही जर्मन नोंदींत. एकाच ठिकाणी सगळं मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका.

जहाज पक्कं करायचं म्हणजे नुसतं नाव नाही. नॉर्वेजियन कंपन्या तीच नावं पुन्हा पुन्हा वापरायच्या, टिरान्नाची मालक विल्हेल्मसेन कंपनी तर सगळी नावं टी वरूनच ठेवायची. तेव्हा नावासोबत बांधल्याचं वर्ष, टनेज आणि कंपनी लिहून ठेवा (टिरान्ना १९३८ चं, साधारण ७,२०० टन). स्पेलिंग नीट टाका, टी-आय-डबल आर-ए-डबल एन-ए. नावात ओ वर तिरकी रेघ किंवा ए आणि ई चिकटलेलं अक्षर असेल तर साधी अक्षरं टाकून पण सर्च करून बघा. सुरुवातीला वॉरसेलर्स डॉट कॉम उघडा, तिथे जहाजं अक्षरांप्रमाणे लावलेली आहेत आणि साइट इंग्रजीत आहे. मग नॉर्वेचं क्रिग्ससाइलर-रेजिस्टर, म्हणजे युद्धकाळातल्या खलाशांची ऑनलाइन नोंदवही, तिथे जहाजावरून पण शोधता येतं आणि माणसाच्या नावावरून पण.

आता तारीख. इथेच लोक फसतात. टिरान्ना ऑस्ट्रेलियाहून माल घेऊन हिंदी महासागरातून चाललं होतं आणि १० जून १९४० ला अटलांटिस या जर्मन जहाजानं त्याला गाठलं. अटलांटिस म्हणजे व्यापारी जहाजाचा वेश घेतलेली युद्धनौका, कॅप्टन बर्नहार्ड रोगे. गोळीबारात काही खलाशी तिथेच गेले, पण जहाज बुडालं नाही, जर्मनांनी ते ताब्यात घेतलं. (त्याच दिवशी नॉर्वेत उरलेल्या सैन्यानं शस्त्रं खाली ठेवली.) मग त्यावर अटलांटिसनं इतर जहाजांवरून पकडलेले कैदी भरले आणि फ्रान्सकडे पाठवलं. २२ सप्टेंबर १९४० ला, जिरोंद नदीच्या मुखाजवळ, अगदी पोचता पोचता ब्रिटिशांच्याच ट्यूना पाणबुडीनं टॉर्पेडो मारून ते बुडवलं. आत आपलीच माणसं आहेत हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ८० पेक्षा जास्त लोक गेले.

म्हणजे मरणाच्या तारखा दोन, आणि जहाज गमावल्याची तारीख पण तुम्ही कशाला गमावणं म्हणता त्यावर बदलते. एकच तारीख धरून सर्च केला तर अर्धी माणसं सुटतात. आणि यूबोटनं बुडवलेल्या जहाजांच्या यादीत तर हे जहाज येणारच नाही. ट्यूनाच्या बाजूचं हवं असेल तर यूबोट डॉट नेटवर दोस्तराष्ट्रांच्या युद्धनौकांची वेगळी पानं आहेत ती बघा, मूळ कागद पाहिजे असतील तर लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये नौदलाच्या फायली आहेत.

माणसांची यादी करताना कागदावर सरळ रकाने पाडा, मूळ नॉर्वेजियन क्रू, कैदी, जर्मन पहारेकरी. रकाने पाडले नाहीत तर आकडे कधीच जुळत नाहीत, कारण एक जण फक्त नॉर्वेजियन मोजतो, दुसरा सगळे मोजतो, आणि दोघंही बरोबर असतात.

आपल्याकडच्या लोकांसाठी महत्त्वाचं इथून पुढे. टिरान्नावरच्या कैद्यांमध्ये सिटी ऑफ बगदाद, केमेंडाइन अशा ब्रिटिश जहाजांवरचे भारतीय खलाशी पण होते (इंग्रज त्यांना लस्कर म्हणायचे). त्यांची नावं नॉर्वेच्या यादीत शोधून उपयोग नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था, तिच्या साइटवर जा, आणि तिथेही टिरान्ना टाकू नका, माणूस सहसा त्याच्या मूळ जहाजाच्या नावाखाली नोंदलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या जवळजवळ ६,००० भारतीय व्यापारी खलाशांची नोंद मुंबई आणि चितगाव स्मारकाच्या नावानं आहे. कधी वडिलांचं नाव, गाव पण मिळतं. रत्नागिरीकडचे, गोव्याचे कितीतरी लोक तेव्हा बोटीवर होते, पण इंग्रज कारकुनानं नाव कसं लिहिलं असेल ते देवालाच माहीत, तेव्हा चार-पाच स्पेलिंगं करून बघायची तयारी ठेवा.

वाचलेल्यांचे जबाब हा सगळ्यात मोलाचा कागद. जहाज गेलं की वाचलेले लोक ज्या बंदरात उतरायचे तिथे त्यांची रीतसर चौकशी व्हायची, नॉर्वेजियनमध्ये त्याला शोफोरक्लारिंग म्हणतात. भाषांतराच्या ॲपमधून काढलं तरी कामापुरतं समजतं. कोणीच वाचलं नसेल तर हा कागद नसतो, मग ताफ्याचे (युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकत्र जाणाऱ्या जहाजांचे) रिपोर्ट आणि जर्मन लॉगबुक यावरच भागवावं लागतं, त्यात जर्मन वेळ आणि जहाजाची स्थानिक वेळ यातला फरक लक्षात ठेवा नाहीतर तारीखच एक दिवस सरकते.

जहाज बुडालं म्हणजे माणसं गेली असंही धरून चालू नका. एलिन के हे जहाज १६ मार्च १९४३ ला एचएक्स २२९ या ताफ्यात यू-६०३ नं बुडवलं, त्यावरचे ४० च्या ४० लोक पेनीवर्ट या ब्रिटिश जहाजानं उचलले. आणि कारण नेहमी टॉर्पेडोच असेल असंही नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा बेलरे नावाचं नॉर्वेजियन जहाज तिथेच उभं होतं, त्याचा शोध घ्यायचा तर गोदीच्या स्फोटाच्या कागदांतून सुरुवात करावी लागेल.

एवढं करून अडलात तर ऑस्लोच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला, रिक्सआर्किव्हेटला, ईमेल करा. इंग्रजी चालतं. जहाजाचं नाव, वर्ष, कंपनी, माणसाचं पूर्ण नाव आणि माहीत असेल तर जन्मतारीख, एवढंच द्या आणि एका मेलमध्ये एकच प्रश्न विचारा. घरी एखादा जुना फोटो किंवा बोटीवरचं पत्र असेल तर मूळ प्रत पाठवू नका, नीट स्कॅन करून पाठवा, फोटोच्या मागची बाजू पण.